हातातले व्हायोलिन

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनासाठी एका वृद्ध गायिकेला आणावयास आम्ही तिघे विद्यार्थी एस.टी. स्टँडवर गेलो होतो. बाईंच्या बरोबर एक पिशवी होती आणि गवसणीत घातलेला तंबोरा होता. पिशवी त्यांनी निमूटपणे आमच्या हाती दिली. तंबोऱ्याला मात्र हात लावू दिला नाही. रिक्षात त्या आडव्या बसल्या, तंबोऱ्याचा भोपळा मांडीवर घेतला आणि दांडी खांद्याशी धरली. तीन तासांच्या प्रवासात कंडक्टरने तो मागच्या डिकीत ठेवण्यास सुचविले होते, पण आपण त्याला नम्रपणे नकार दिला, असे त्यांनी आम्हांला वाटेत सांगितले. आमच्यापैकी एकजण त्यावर हळूच हसला. खरे सांगावयाचे तर मलाही तो म्हातारपणाचा हट्टच वाटला होता.

पुढे काही महिन्यांनी एक छायाचित्र माझ्या पाहण्यात आले आणि त्या हसण्याची मला लाज वाटली. छायाचित्र १९४९ सालच्या ऑक्टोबर महिन्यातले, पॅरिसजवळच्या ओर्ली विमानतळावरचे आहे. प्रवासाच्या पोशाखातली एक तरुण स्त्री आपले व्हायोलिन एका धिप्पाड गृहस्थाला दाखवीत आहे. शेजारी तिचा भाऊ उभा आहे. तिघांच्याही चेहऱ्यावर निघण्यापूर्वीचा उत्साह आहे. ती स्त्री म्हणजे फ्रान्सची विख्यात व्हायोलिनवादक जिनेत नेव्हो आणि तो गृहस्थ म्हणजे जगज्जेतेपद मिळविलेला मुष्टियोद्धा मार्सेल सेर्दां. त्यानंतर काही तासांतच त्या दोघांचा, त्या भावाचा आणि त्या व्हायोलिनचा प्रवास कायमचा संपला. ज्या व्हायोलिनला तिने आयुष्यभर दुसऱ्याच्या हवाली केले नाही, त्याच्यासोबतच ती गेली. तिची ही कहाणी आपल्या वाचकांना सांगावी असे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

जिनेतचा जन्म ११ ऑगस्ट १९१९ रोजी पॅरिसमध्ये झाला. पहिले महायुद्ध संपून जेमतेम नऊ महिने झाले होते. घरात संगीत होते, पैसा मात्र बेताचाच होता. आई व्हायोलिनची शिक्षिका, थोरला भाऊ झाँ पियानो वाजविणारा. मुलीचे पहिले धडे अर्थातच आईच्या हाताखाली झाले. मूल बोलावयास लागते त्याच सहजतेने ही मुलगी वाजवावयास लागली. वयाच्या सातव्या वर्षी तिने पॅरिसच्या साल गाव्हो या सभागृहात वाद्यवृंदासह मॅक्स ब्रुखचा कॉन्चेर्तो वाजविला. कॉन्चेर्तो म्हणजे एकटा वादक एका बाजूस आणि सबंध वाद्यवृंद दुसऱ्या बाजूस, असा संवादही आणि सामनाही. आपल्याकडे सात वर्षांचे मूल पाटीवर जोडाक्षरे गिरवीत असते, त्या वयात ही चिमुरडी साठ-सत्तर वादकांच्या पुढे उभी राहिली.

पुढे ती पॅरिसच्या कॉन्सर्व्हात्वारमध्ये दाखल झाली. ही १७९५ साली स्थापन झालेली फ्रान्सची सर्वांत मानाची संगीतशाळा. तेथे झूल बुशरी यांच्या वर्गात ती अवघे आठ महिने शिकली आणि १९३० साली, अकराव्या वर्षी, तिने शाळेचे पहिले पारितोषिक पटकाविले. याच शाळेत याच वयात हा मान पूर्वी एका पोलिश मुलाने मिळविला होता, तो १८४६ साली. त्याचे नाव हेन्रिक विएन्याव्स्की. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. जिनेतच्या आयुष्यात ते पुन्हा एकदा येणार आहे.

याच सुमारास ती थोर रुमानियन वादक जॉर्ज एनेस्कू यांच्याकडे शिकावयास जात असे. त्या काळातली एक आठवण प्रसिद्ध आहे. बाखची शाकोन ही रचना ती वाजवीत होती. एनेस्कूंनी मध्येच थांबवून आपण ती जागा तशी वाजवीत नाही असे सांगितले. त्यावर त्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीने, आपण मात्र आपल्याला जसे संगीत समजते तसेच ते वाजवितो, असे शांतपणे उत्तर दिले. यात उद्धटपणा मुळीच नव्हता. गुरूचे ऐकावे, पण सूर आपल्या आतून उमटावा, ही जाण तिला त्या वयातच आली होती. आपल्याकडेही जुने उस्ताद नक्कल करणाऱ्या शिष्याचे कौतुक थोडेच करीत. ज्याच्या गळ्यातून स्वतःचा सूर निघतो त्याच्याकडेच त्यांचे लक्ष जाई.

१९३१ साली व्हिएन्नात आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. बारा वर्षांची जिनेत तीत चौथी आली. घरच्यांना थोडी निराशा झाली असेल. पण स्पर्धेच्या निमित्ताने तिचे वादन कार्ल फ्लेश यांच्या कानांवर पडले. फ्लेश हे त्या काळातले युरोपातले अग्रगण्य व्हायोलिनशिक्षक. या मुलीला आपण विनामूल्य शिकवू, असा निरोप त्यांनी दिला. गुरूने हात पुढे केला, पण परक्या देशात जाऊन राहण्याचा खर्च कोठून आणावयाचा? ते निमंत्रण प्रत्यक्षात यावयास सुमारे दोन वर्षे गेली. मग मात्र तिने फ्लेश यांच्या हाताखाली जवळजवळ चार वर्षे काढली. तिचा मूळचा आवेग त्यांनी मोडला नाही. त्याला शिस्तीचे कुंपण तेवढे घातले.

आणि मग १९३५ साल उजाडले. विएन्याव्स्कीच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण झाली म्हणून वॉर्सा येथे त्याच्या नावाने मोठी स्पर्धा भरली. देशोदेशींचे तरुण वादक जमले. त्यांत सोव्हिएत रशियाहून आलेला सव्वीस वर्षांचा दाविद ओइस्त्राख होता. तो तयार, अनुभवी आणि लोकप्रिय वादक होता. पुढे विसाव्या शतकातल्या सर्वश्रेष्ठ व्हायोलिनवादकांत ज्याची गणना झाली, तोच हा ओइस्त्राख. स्पर्धेचा निकाल लागला तेव्हा त्याचे नाव दुसऱ्या क्रमांकावर होते. पहिल्या क्रमांकावर पंधरा वर्षांची जिनेत नेव्हो होती. अकराव्या वर्षी विएन्याव्स्कीच्या पराक्रमाची बरोबरी करणाऱ्या मुलीने पाच वर्षांनी त्याच्या नावाची स्पर्धा जिंकावी, हा योगायोग एखाद्या कादंबरीत आला असता तर आपण लेखकाला दोष दिला असता!

आता तिच्या सोबत्याकडे वळू. तिचे व्हायोलिन सुमारे १७३० सालचे होते. ते बनविणारा ओमोबोनो स्त्रादिव्हारी हा इटलीतल्या क्रेमोना गावच्या जगप्रसिद्ध अंतोनियो स्त्रादिव्हारीचा मुलगा. म्हणजे मराठ्यांच्या राज्यात थोरले बाजीराव पेशवे मोहिमा करीत होते, त्या काळात क्रेमोनातल्या एका कारागिराने स्प्रूस जातीच्या लाकडाची एक पातळ फळी तासून तिला फुगीर आकार दिला, मेपलच्या लाकडाची पाठ तिला जोडली आणि वर वार्निशाचा हात फिरविला. दोनशे वर्षे हाताहातांतून फिरत ते वाद्य या मुलीच्या हनुवटीखाली येऊन विसावले.

व्हायोलिन दिसावयास केवढेसे! पेटीशिवाय त्याचे वजन अर्धा किलोच्या आसपास. पण त्याच्या चार तारांचा ताण वीस किलोंच्याही वर जातो आणि तो सारा ताण दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या फळीला सोसावा लागतो. फळ्या एकमेकींना चिकटविलेल्या असतात त्या जनावरांच्या कातड्यापासून काढलेल्या सरसाने. हा सरस मुद्दामच फार पक्का नसतो. लाकूड आकसले किंवा फुगले तर जोड सुटावा, पण फळी तडकू नये, असा त्यामागचा हिशेब. हवा कोरडी झाली की लाकूड आकसते, दमट झाली की फुगते. फार उष्णता झाली की सरस मऊ पडतो, कडाक्याची थंडी आणि कोरडेपणा आला की चीर जाण्याचे भय.

व्हायोलिनच्या पोटात, पुढच्या आणि मागच्या फळीच्या मध्ये, एक लहानशी लाकडी काडी उभी असते. ती कशालाही चिकटविलेली नसते. तारांच्या दाबाने ती दोन फळ्यांमध्ये धरून राहते, एवढेच. ती एक केसभर सरकली तरी वाद्याचा आवाज बदलतो, पडली तर आवाजच हरवतो. फ्रेंच लोक या काडीला एक सुंदर नाव देतात. ते तिला आत्मा म्हणतात. एक चांगला धक्का बसला, किंवा तारा फार सैल पडल्या, की व्हायोलिनचा आत्मा पडतो. अशा वस्तूला कोणता वादक ट्रंका आणि वळकट्यांच्या ढिगाऱ्यात टाकील? तंबोऱ्याच्या घोडीवरचा दोरा इकडचा तिकडे झाला तर जवारी बिघडते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना यापेक्षा अधिक सांगावयास नको. आमच्या त्या पाहुण्या बाईंना हे सगळे ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते आम्हांला.

वॉर्साच्या विजयानंतर जिनेतचे दौरे सुरू झाले. जर्मनी, पोलंड, सोव्हिएत रशिया आणि १९३७ साली अमेरिका व कॅनडा. त्या वेळी अटलांटिक ओलांडावयाचा तो बोटीनेच. प्रवाशांना घेऊन नियमाने अटलांटिक पार करणारी विमाने १९३९ साली सुरू झाली. बोटीचा प्रवास सहा-सात दिवसांचा. व्हायोलिन केबिनमध्ये डोळ्यांसमोर ठेवावे, रोज उघडून पुसावे, सराव करावा. बोट हळू होती, पण वाद्याला मानवणारी होती.

मग दुसरे महायुद्ध आले आणि सारे थांबले. १९४० साली पॅरिस जर्मनांच्या ताब्यात गेले. जिनेतचे शिक्षण जर्मनीत झाले होते, तिथल्या श्रोत्यांनी तिला डोक्यावर घेतले होते. परंतु आता जर्मनीत वाजविण्यास तिने नकार दिला. कलावंताने राजकारणात पडू नये, असे आपण सहज म्हणतो. पण कधी कधी न वाजविणे हेच कलावंताचे बोलणे असते. त्या वर्षांत ती घरी बसून तासन् तास सराव करीत राहिली. १९४३ सालच्या जून महिन्यात तिने फ्रान्सीस पूलांक या संगीतकाराची नवी व्हायोलिन सोनाटा पॅरिसमध्ये प्रथमच सादर केली. पियानोवर स्वतः पूलांक होता. ही रचना त्याने स्पेनच्या यादवी युद्धात मारल्या गेलेल्या लोर्का या कवीच्या स्मृतीला वाहिलेली होती. जर्मनांनी व्यापलेल्या शहरात, फॅसिस्टांनी मारलेल्या कवीच्या नावाने उमटलेले ते सूर होते. त्यांचा अर्थ श्रोत्यांना समजावून सांगण्याची गरज नव्हती.

युद्ध संपले तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. ऐन उमेदीची पाच वर्षे गेली होती. तिने जणू ती भरून काढण्याचा चंग बांधला. १९४५ साली ती लंडनला गेली आणि त्याच वर्षी २१ नोव्हेंबर रोजी तिथल्या ॲबी रोड स्टुडिओत तिने सिबेलियसच्या कॉन्चेर्तोचे ध्वनिमुद्रण केले. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटांपेक्षा अधिक संगीत मावत नसे. चुकलेला स्वर कापून तेथे दुसरा जोडण्याची सोय नव्हती. एक सूर चुकला तर ती सबंध बाजू पुन्हा वाजवावयाची. अर्ध्या तासाची ही अतिशय अवघड रचना तिने अशा तुकड्यातुकड्यांनी एकाच दिवसात मुद्रित केली. आणि तरीही ऐकताना कोठे सांधा जाणवत नाही. फिनलंडमध्ये राहणाऱ्या वृद्ध सिबेलियसने तिच्या या वादनाची मनापासून वाखाणणी केली. पुढच्या वर्षी तिने ब्राह्म्सचा कॉन्चेर्तो मुद्रित केला, शोसाँची पोएम आणि राव्हेलची त्सिगान मुद्रित केली. १९४८ साली दब्यूसीची सोनाटा झाली. या मुद्रणांपैकी पियानो जेथे आहे तेथे बहुधा भाऊ झाँ आहे.

या भावाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. झाँ स्वतः चांगला पियानोवादक होता. पण त्याने बहिणीचा साथीदार होणे पत्करले. देशोदेशी तिच्याबरोबर हिंडावे, कार्यक्रमांत तिच्या सुरामागे उभे राहावे, टाळ्यांच्या वेळी एक पाऊल मागे राहावे, हे काम त्याने हसतमुखाने केले. तिला एक सोय मात्र त्याच्यापेक्षा अधिक होती. पियानो ज्या त्या गावात असेल तसा वाजवावा लागतो. जिनेतचे वाद्य मात्र तिच्या हातात असे. तिचा आवाज तिच्याबरोबर प्रवास करी.

आणि आता प्रवास विमानाचा झाला होता. युद्धाने विमाने मोठी केली, वेगवान केली. दक्षिण अमेरिका, उत्तर अमेरिका, ऑस्ट्रेलिया, सारे जग कलावंतांना एकाएकी जवळ आले. महिन्याभराचा प्रवास दोन-तीन दिवसांवर आला आणि त्यामुळे वर्षाकाठी कार्यक्रमांची संख्या वाढली. १९४७ साली ती अमेरिकेत वाजवून आली, १९४८ साली ऑस्ट्रेलियाला गेली. त्याच १९४८ च्या मे महिन्यात तिने आणखी एक गोष्ट केली. ती हँबुर्गला गेली आणि युद्धात बेचिराख झालेल्या त्या जर्मन शहरात तिने ब्राह्म्सचा कॉन्चेर्तो वाजविला. हँबुर्ग हे ब्राह्म्सचे जन्मगाव. ज्या देशात वाजविण्यास तिने युद्धकाळात नकार दिला होता, तो देश हरल्यावर, पडल्यावर ती आपण होऊन तेथे गेली. त्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. ते ऐकताना मला वाटते की, तिच्या नकारात द्वेष नव्हता हे सिद्ध करावयास दुसऱ्या कोणत्याही पुराव्याची गरज नाही.

१९४९ सालच्या ऑक्टोबरात ती पुन्हा अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाली. २० तारखेला पॅरिसमध्ये तिचा कार्यक्रम झाला. २७ तारखेच्या रात्री ती आणि झाँ ओर्ली विमानतळावर आले. तिच्याजवळ दोन व्हायोलिने होती, एक ते स्त्रादिव्हारी आणि दुसरे ग्वादान्यीनी या नामांकित इटालियन घराण्याचे. विमान चार पंख्यांचे कॉन्स्टेलेशन जातीचे होते. त्याच विमानाने मार्सेल सेर्दां न्यूयॉर्कला चालला होता. जून महिन्यात जेक लामोटाकडून गमावलेले जगज्जेतेपद डिसेंबरात परत मिळविण्याची त्याला जिद्द होती. शिवाय न्यूयॉर्कमध्ये त्याची प्रेयसी, विख्यात गायिका एदित पियाफ, त्याची वाट पाहत होती. तो खरे म्हणजे बोटीने जाणार होता. लवकर ये, विमानाने ये, असा तिचा आग्रह पडला म्हणून तो विमानाने निघाला. विमानतळावर छायाचित्रकार होतेच. एक हात ठोसे मारण्यासाठी घडविलेला, दुसरा हात सूर काढण्यासाठी. दोन्ही हात एका छायाचित्रात आले.

त्या काळची विमाने पॅरिसहून न्यूयॉर्कला एका दमात जात नसत. वाटेत अटलांटिक महासागरात अझोर्स नावाची पोर्तुगालची बेटे आहेत. त्यांतल्या सांता मारिया बेटावर उतरून इंधन भरावयाचे आणि पुढे जावयाचे, असा क्रम होता. मध्यरात्र उलटून गेल्यावर विमानातून विमानतळाला संदेश आला. धावपट्टी दिसत असल्याचे त्यात कळविले होते. वास्तविक विमान सांता मारियाजवळ नव्हतेच. ते वाट चुकून सुमारे शंभर किलोमीटर उत्तरेला साओ मिगेल या बेटावर आले होते. तेथे धावपट्टीऐवजी ढगांनी वेढलेला डोंगर उभा होता. २८ ऑक्टोबरच्या पहाटे विमान त्या डोंगरावर आदळले. ३७ प्रवासी आणि ११ कर्मचारी अशा एकूण ४८ जणांपैकी एकही वाचला नाही. चौकशीत वैमानिकांनी आपले स्थान नीट पडताळून पाहिले नाही असे निष्पन्न झाले. यंत्र बिघडले नव्हते, वादळ झाले नव्हते. माणसाला आपण कोठे आहोत याचा खोटा विश्वास वाटला, इतकेच.

जिनेत तीस वर्षांची होती.

या अपघातानंतर एक आख्यायिका पसरली. ती अजूनही सांगितली जाते. जिनेतचा देह सापडला तेव्हा तिने व्हायोलिन छातीशी घट्ट कवटाळलेले होते, असे म्हणतात. आपल्याला ही गोष्ट खरी असावीशी वाटते, कारण ती सुंदर आहे. पण जळालेल्या, विखुरलेल्या त्या डोंगरउतारावर देहांची ओळख पटविणेही कठीण झाले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे ही गोष्ट लोकांच्या मनाने रचली असावी असे म्हणावे लागते. दोन्ही व्हायोलिने वाजण्याजोगी पुन्हा कोणालाही मिळाली नाहीत, हे मात्र निश्चित. क्रेमोनाच्या कारागिराने घडविलेले, दोन शतकांची युद्धे आणि क्रांत्या पाहिलेले ते लाकूड एका डोंगराच्या उतारावर संपले. जिनेतला पॅरिसच्या पेर लाशेझ स्मशानभूमीत पुरण्यात आले. शोपाँ तेथेच विसावला आहे. पूलांकने तिच्या मृत्यूनंतर ती सोनाटा पुन्हा हाती घेऊन तिच्यात फेरफार केले. मुलीला पहिले धडे देणाऱ्या आईने पुढे मुलीचे चरित्र लिहिले. दोन मुले एकाच रात्री गमावलेल्या आईने ते कसे लिहिले असेल याची कल्पना करवत नाही.

फ्रान्सचे दुर्दैव एवढ्यावर संपले नाही. चारच वर्षांनी, १ सप्टेंबर १९५३ रोजी, ज्येष्ठ व्हायोलिनवादक झाक तिबो पूर्वेकडच्या दौऱ्यासाठी विमानात बसले. त्यांच्याजवळ १७२० सालचे स्त्रादिव्हारी होते. तेही विमान कॉन्स्टेलेशनच होते आणि तेही डोंगरावरच, आल्प्समध्ये, आदळले. बहात्तर वर्षांचे तिबो गेले आणि त्यांचे व्हायोलिनही गेले.

या घटना वाचल्यावर मनात एक हिशेबी प्रश्न येतो. इतके मोलाचे वाद्य घेऊन विमानात बसावेच कशाला? ते घरी सुरक्षित ठेवावे आणि दौऱ्यावर दुसरे न्यावे. पण हा प्रश्न न वाजविणाऱ्याचा आहे. कपाटात बंद राहिलेले व्हायोलिन सुरक्षित राहील, पण ते वाद्य राहील का? ज्या हातांना त्याची प्रत्येक खोड माहीत आहे, ते हात ज्या गावाला जातील त्या गावाला त्यालाही जावे लागते. जगभरचे वादक म्हणूनच आजही आपले वाद्य विमानात जवळ बाळगण्यासाठी झगडतात. व्हायोलिन डोक्यावरच्या कप्प्यात मावते; चेलोसारख्या मोठ्या वाद्यासाठी वादक स्वतंत्र आसनाचे तिकीट काढतात आणि माणसासारखा त्याला पट्टा बांधून शेजारी बसवितात. अमेरिकेत तर २०१२ साली यासाठी कायद्यात तरतूद करावी लागली. कप्प्यात जागा असेल तर लहान वाद्य प्रवाशाला जवळ ठेवू द्यावे, असे तो कायदा सांगतो. तिकीट तपासणाऱ्याला ती एक पेटी दिसते. तो नियमाप्रमाणे लांबी-रुंदी मोजतो. त्याचीही चूक नाही. पेटीत आत्मा आहे, हे त्याला दिसावे कसे?

जिनेतच्या आयुष्याचा विचार करताना मला एक गोष्ट फार वेधक वाटते. जे तिने कोणाच्याही हाती दिले नाही, ते व्हायोलिन तिच्याबरोबर नाहीसे झाले. आणि जे तिने मुक्त हस्ताने देऊन टाकले, तबकड्यांवर, नभोवाणीवर, अनोळखी शहरांतल्या अनोळखी श्रोत्यांना, तेवढेच मागे उरले. सिबेलियस, ब्राह्म्स, दब्यूसी... मोजून काही तासांचे संगीत. ओइस्त्राखला पुढे जवळजवळ चाळीस वर्षे वाजवावयास मिळाली. तो १९७४ साली वारला तोपर्यंत त्याच्या ध्वनिमुद्रिकांनी फळ्या भरल्या होत्या. जिनेतची मुद्रणे एका लहानशा खणात मावतील. परंतु त्या खणाला आजही कोणी धूळ बसू देत नाही.

आमच्या एका प्राध्यापकांच्या घरी मी तिचे ब्राह्म्स प्रथम ऐकले. पाश्चात्य संगीतातले मला फारसे कळत नाही, हे कबूल केले पाहिजे. प्रथम बराच वेळ वाद्यवृंदच वाजत राहतो आणि मनुष्य वाट पाहून कंटाळतो. मग एकाएकी ते व्हायोलिन आत येते, आणि असे येते की आपण ताठ बसतो. कोणीतरी बंद दार लोटून घरात आल्यासारखे वाटते. तो आवाज गोड आहे असे मी म्हणणार नाही. तो आग्रही आहे, तापलेला आहे, सत्य सांगावयास आलेल्या माणसासारखा आहे. आणि ऐकता ऐकता ध्यानात येते की, आपण ऐकतो आहोत ते लाकूड आता जगात कोठेही नाही.

संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी बाईंना पोचवावयास आम्ही पुन्हा स्टँडवर गेलो होतो. गाडीला गर्दी होती. बाई खिडकीशी बसल्या, तंबोऱ्याचा भोपळा मांडीवर घेतला, गवसणीची नाडी एकदा घट्ट केली आणि दांडीला हात वेढून डोळे मिटले. त्या वेळी आम्ही घाईने निरोप घेऊन परत फिरलो. आज तो प्रसंग पुन्हा आला तर मी गाडी सुटेपर्यंत थांबेन, आणि शेजारच्या प्रवाशाला विनंती करून त्या तंबोऱ्यासाठी थोडी अधिक जागा मागून घेईन.